सायमीचे साडेचार सेंटिमीटर

तुओवीला कुणी विचारलं की नोकरीत काय करायचीस, तर ती सांगायची, "गोल करायचे." ऐकणाऱ्याला वाटायचं, बाई थट्टा करते आहे. पण थट्टा तिच्या स्वभावात फारशी नव्हती. हेलसिंकीतल्या एका विमा कंपनीत तिचा उभा जन्म गेला, आणि त्यातला मोठा हिस्सा लोकांच्या पेन्शनच्या आकड्यांची शेपटं कापण्यात गेला. दशांश चिन्हामागे जे लांबलचक शेपूट लागतं ते कुठे तोडायचं, बरोब्बर अर्धा आला तर वर ढकलायचा की खाली, आणि सगळी शेपटं तोडून झाल्यावर बेरीज जागेवर राहते की नाही, हे तिचं काम. अशा कामाला कुणी हारतुरे घालत नाही. पण ते चुकलं तर बोंब मात्र पहिली तिच्याच दारात व्हायची.

ती ट्राम चालवणाऱ्याची मुलगी. पाच भावंडांत धाकटी. आई गोड पाव कापायची ती नजरेच्या अंदाजाने, आणि त्या अंदाजात तुओवीचा तुकडा कायम लहान यायचा. आईचं प्रेम कमी होतं असं नाही, पण सुरी तिच्यापर्यंत पोचेस्तोवर पावच संपत आलेला असायचा. समान वाटणीचं वेड तिच्या डोक्यात शिरलं ते तिथूनच, असं मला वाटतं. ती स्वतः असं काही बोलायची नाही.

शाळा संपल्यावर ती कंपनीत हिशेबनीस म्हणून लागली. काही वर्षांनी तिथे एपीएल नावाची संगणकाची भाषा आली, आणि तुओवीचं नशीब उघडलं. या भाषेत शब्द जवळजवळ नाहीतच, नुसती चिन्हं. एक उभी रेघ आणि तिला तळाशी पाय, म्हणजे अपूर्णांक टाका आणि खालच्या पूर्ण आकड्यावर उतरा. इतर बायका ही चिन्हं बघून नाक मुरडायच्या. तुओवीला मात्र ती विणकामाच्या नमुन्यासारखी पहिल्या दिवसापासून वाचता यायला लागली. आणि उजवीकडून डावीकडे वाचायची असतात, याचंही तिला काही वाटलं नाही.

तिचा साहेब ब्योर्ये हा बोलका माणूस. त्याने तिला या भाषेचं मर्म एका वाक्यात सांगितलं होतं. बाकीच्या भाषांत एकेकाला नावानं हाक मारून बोलवावं लागतं, ये बाबा, तुझा आकडा दाखव, हा झाला, आता दुसरा ये. इथे तसं नाही. इथे पंगतीला वाढायचं. ओळीला सांगायचं, अर्धा मिळव आणि खाली उतर, की हजार आकड्यांची ओळ एका दमात खाली उतरते. तुओवीला ते इतकं पटलं की ती पुढे नव्या मुलींना तेच शिकवू लागली. कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही, सगळ्यांना एकच न्याय.

ब्योर्येची एक खोड मात्र होती. त्याला कागदावर शून्यं दिसलेली खपायची नाहीत. ज्याला काही द्यायचं नाही त्याचं नाव छापून कागद कशाला नासायचा, असं त्याचं म्हणणं. म्हणून तुओवीच्या प्रत्येक ओळीला एक छोटंसं चिन्ह जोडलेलं असे: शून्यं गाळून टाका. पुढे कागदाचं महत्त्व गेलं, ब्योर्येही घरी बसला, तरी तिचा हात ते चिन्ह आपोआप जोडतच राहिला. आपण दार लावलं की कडी घालतो, तसं.

लग्न तिने उशिरा केलं. नवरा आर्मास, लिफ्ट दुरुस्त करणारा, मूळचा सावो भागातल्या कालालाहतीचा. नोकऱ्या संपल्यावर दोघं त्याच्या गावी जाऊन राहिली. तळं, बर्चची झाडं, बंद पडलेली शाळा, लाकडी चर्च आणि तीसेक घरं. आता सावोच्या माणसाची ख्याती सगळ्या देशाला ठाऊक आहे: सरळ उत्तर दिलं तर त्याच्या जिभेला फोड येतात. पाऊस येईल का विचारलं तर म्हणेल, येईलही, नाही तर बाहेर कोरडं राहील. अशा गावात तुओवी अचूक बोलायला गेली, आणि तिचं नाव पडलं हेलसिंकीवाली. नाव प्रेमानं ठेवलेलं होतं की टोचून, ते सावोच्या रिवाजाप्रमाणे कुणी कधी स्पष्ट केलं नाही.

पहिल्या दिवशी तिच्या दारात आलं ते एकच माणूस, शेजारची सायमी पूस्तिनेन. हातात राय नावाच्या धान्याची अख्खी भाकरी, डोईला पांढऱ्या ठिपक्यांचा निळा रुमाल. "घे, गरम आहे," एवढंच बोलून ती उंबऱ्यातूनच परतली. पुढे तिनेच तुओवीला जंगलातली खायची अळंबी ओळखायला शिकवली. जंगलात सायमी पुढे आणि तिच्या निळ्या रुमालावर नजर ठेवून तुओवी मागे. गोठ्यात, होडीत, चर्चमध्ये, तो रुमाल तिच्या डोक्यावर असायचाच. सायमी गेली, आणि वर्षभरात आर्मासही गेला. गावाला वाटलं आता हेलसिंकीवाली चंबूगबाळं आवरणार. पण ती राहिली. सायमीचा नवरा ओइवा तिच्या अंगणातला बर्फ न सांगता काढायचा, आणि ती त्याच्या पायरीवर न सांगता दालचिनीचे पाव ठेवून यायची. बोलणं बेताचं. दोघांचं बरं चाललं होतं.

आता मूळ गोष्ट. चर्चच्या मोठ्या वाढदिवसासाठी गावाने ठरवलं, की दारापासून वेदीपर्यंत पसरेल अशी चिंध्यांची लांब सतरंजी विणायची. अशा सतरंज्या आमच्याकडे घराघरांत असतात. जुने सदरे, चादरी, पडदे कापून पट्ट्या करायच्या, त्यांचे गुंडे करायचे आणि हातमागावर विणायच्या. चर्चच्या सतरंजीत प्रत्येक घराने आपले कपडे द्यायचे, आणि ज्या त्या घराचा एकेक पट्टा दिसायला हवा. कल्पना छान, पण तिथेच घोडं अडलं. पूर्वी एकदा गावाच्या सभागृहासाठी अशीच सतरंजी विणली होती, आणि कुणाचा पट्टा रंगमंचाजवळ आणि कुणाचा दाराच्या चिखलात यावरून दोन घरांत जे फाटलं ते अजून शिवलेलं नाही.

विणकरणींची म्होरकी हिल्मा कार्हुनेन. आवाज खणखणीत, हात त्याहून. जुन्या शाळेत तिच्या देखरेखीखाली माग लागलेले. तिने तोडगा काढला. घरांचा क्रम टपालाच्या गाडीचा. गाडी लांबच्या टोकाकडून निघून ज्या वळणांनी चर्चपर्यंत येते, त्याच क्रमाने पट्टे. आणि पट्ट्याची लांबी वजनावर. एक किलो चिंध्यांची एक मीटर सतरंजी होते. मात्र हिल्माची एक अट होती. तिच्या नक्षीतलं फूल दहा सेंटिमीटरमध्ये पुरं होतं, तेव्हा प्रत्येकाचा पट्टा दहाच्या पटीत हवा. अर्धं फूल ती विणणार नाही. हा सगळा हिशेब कोण करणार, असं कुणीतरी विचारलं. हिल्मा म्हणाली, "वजनकाटा आणि हेलसिंकीवाली. गावात दोघांनाही नातेवाईक नाहीत."

तुओवी हसली नाही, पण घरी जाताना तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. गावाने तिला पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं.

कपडे यायला लागले. ओइवाकडे मात्र काही नव्हतं. सायमीचे सगळे कपडे त्याने शोकाच्या पहिल्या महिन्यातच शहरातल्या धर्मादाय दुकानात नेऊन दिले होते, आणि स्वतःचे तो फाटेपर्यंत अंगावरच वापरायचा. हिल्माने त्याला दोनदा टोकलं, तेव्हा तो नुसता खांदे उडवून गेला. मग एका सकाळी तो शाळेत आला आणि खिशातून निळा रुमाल काढून काट्यावर ठेवला. तो त्याच्या घरात दाराजवळच्या खुंटीवर असायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. त्या खुंटीवर तो स्वतःची टोपीही अडकवत नसे. "याच्यापेक्षा जास्त नाही," म्हणाला, आणि काट्याकडे न बघता लाकडं फोडायला निघून गेला. हिल्माने तो रुमाल स्वतः कापला, कडेकडेने, एकही जोड न देता. इतर बायका उगाच खिडकीबाहेर बघत राहिल्या.

त्या संध्याकाळी तुओवीने स्वयंपाकघरात टेबलावर जुना लॅपटॉप उघडला, सगळ्या घरांची वजनं टाकली आणि एक ओळ लिहिली. दहाने भागा, अर्धा मिळवा, खाली उतरा, परत दहाने गुणा. गाव एका दमात उठलं आणि एका दमात बसलं. बेरीज बरोब्बर सतरंजीच्या लांबीला टेकली. गोल केल्यावर बेरीज जुळणं हा निव्वळ नशिबाचा भाग असतो, आणि बेरीज जुळली की माणूस पुढे बघत नाही. तिनेही बघितलं नाही. कॉफी ओतून घेतली आणि आर्मासच्या फोटोला म्हणाली, "जमलं बघ."

विणकाम सुरू झालं. तुओवी आकडे वाचायची, हिल्मा आणि इतरजणी आळीपाळीने मागावर बसायच्या. ओइवाने शाळेच्या शेगडीची जबाबदारी घेतली. रोज लाकडं घेऊन यायचा, शेगडी पेटवायचा आणि जाताना दारातून एकच प्रश्न विचारायचा, "टपालाची गाडी कुठवर आली?" कुणीतरी सांगायचं, पुलापाशी आली. किंवा, हाकालांच्या कुत्र्याने अडवली आहे. त्यावर तो मान डोलावून जायचा. उन्हाळ्याने शेगडीची गरज संपवली, तरी तो लाकडं आणतच होता. त्याला काय विचारायचं असतं हे सगळ्यांना कळत होतं. त्याचं घर शेवटून दुसरं होतं, आणि शेवटचं तुओवीचं.

हाकालांचा पट्टा संपला तेव्हा योहानसचा, म्हणजे भर उन्हाळ्यातला सण तोंडावर आला होता. तुओवीने पुढचा आकडा वाचला तो स्वतःच्या घराचा. तिला त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही, कारण आता आर्मास येणार या आनंदात ती होती. आर्मासचे चौकटीचे सदरे, फ्लॅनेलचे, कोपर झिजलेले. तो पट्टा तिने स्वतः विणला. हात सराईत नव्हता, कडा जरा वाकड्या आल्या, पण धोटा इकडून तिकडे धावताना ती गुणगुणत होती, आणि हिल्माने नेहमीसारखा एकही टोमणा मारला नाही. पट्टा पुरा झाला. मागावरचा उभ्या धाग्यांचा ताणाही संपला, शेवटची गाठ मारण्याएवढाच उरला. दुसऱ्या दिवशी सतरंजी मागावरून कापून उतरवायची होती. त्यासाठी गाव कॉफीला येणार होतं.

हिल्माने आवराआवर करताना गुंड्यांची टोपली उलटी केली, आणि तळातून एक निळा गुंडा घरंगळत तुओवीच्या पायापाशी आला. नव्या बटाट्याएवढा.

"हा कुणाचा?" हिल्मा म्हणाली, आणि तोंडातून शब्द बाहेर पडतानाच तिला कळलं.

तुओवी लॅपटॉपकडे गेली. तिने ओळीचं शेवटचं चिन्ह पुसलं, ते शून्यं गाळणारं. आकडे परत आले, आणि हाकाला आणि तिच्या घराच्या मध्ये एक शून्य येऊन उभं राहिलं. मग तिने गोल करणंही काढून टाकलं. शून्याच्या जागी साडेचार आले. साडेचार सेंटिमीटर. पाचाच्या आत, म्हणून खाली. आणि खाली म्हणजे शून्य, म्हणून बाहेर. नियमात काही चूक नव्हती. ते वजन तिने स्वतःच्या बोटांनी टाकलं होतं.

हिल्मा वाईट बाई नाही. ती म्हणाली, "अगं, शेवटच्या गाठीच्या आधी दोन धागे निळे घालते. तो बघेल, त्याला दिसेल, झालं. वेदीजवळची जागा, कुणाला नको असते?"

"त्याचं घर माझ्या आधी आहे," तुओवी म्हणाली.

"मग काय करणार आहेस?"

तुओवीने गुंडा खिशात घातला आणि बाहेर पडली. ओइवाला कायमचं गमावून बसू अशी तिला भीती वाटत होती. ती भीती खोटी नव्हती. या गावात माणसं भांडत नाहीत, नुसती बर्फ काढायचं थांबवतात.

ओइवा तळ्याच्या धक्क्यावर गुडघे टेकून घरातल्या सतरंज्या धूत होता. देवदाराच्या साबणाचा वास सगळीकडे. तिची पावलं ऐकूनही त्याने ब्रश थांबवला नाही.

"ओइवा, सायमी सतरंजीत नाही."

"अजून गाडी आली नसेल."

"गाडी येऊन गेली. तुझ्या दारात थांबली नाही." तिने श्वास घेतला. "मी थांबवली नाही. दहाच्या पटीत लांबी करायची होती. पाचाच्या आत असेल ते शून्य होतं. आणि शून्य झालं की माझी ओळ त्याचं नावच दाखवत नाही, मीच तशी सवय लावली आहे तिला. मी सगळ्यांना एकदम हिशेबात घेतलं आणि एकदाही नावं वाचली नाहीत."

ओइवाने ब्रश पाण्यात बुडवला. बराच वेळ तो सतरंजीवरचा फेस तळ्यात लोटत राहिला.

"शून्य," तो म्हणाला.

"शून्य."

"शाळेत गणितात तिला तेवढेच मिळायचे. तिला काही नवल वाटलं नसतं." त्याने ब्रश खाली ठेवला. "मला वाटलं."

तुओवीला रडू आलं. ती रडणारी बाई नव्हती, त्यामुळे तिला ते नीट जमेना. तिने खिशातून गुंडा काढून हातात धरला आणि भराभर बोलली. माझा पट्टा अजून मागावर आहे. तो मी सगळा उसवते. सायमीला पुरं फूल देते, दहा सेंटिमीटर, लागतील तेवढे निळे धागे माझ्या पडद्यातून काढून घालते. माझे साठ आहेत, त्यातले दहा तिचे. त्या साठांतले तीन तर मला फुकटचेच मिळालेत, खरे सत्तावन्नच होते.

ओइवा उठला. गुडघे सरळ करायला त्याला वेळ लागला. "तिचे किती होतात? खरे?"

"साडेचार."

"मग साडेचारच घाल."

"अरे, पण हिल्माचं फूल..."

"सायमीने उभ्या जन्मात कुणाची उसनवारी ठेवली नाही. शेजारणीकडून वाटीभर पीठ आणलं तर काठावर सुरी फिरवून सपाट आणायची आणि सपाट परत करायची. तिच्यात तू पडद्याची भर घालणार? ती मला स्वप्नात येऊन झोपू द्यायची नाही." त्याने तिच्या हातातला गुंडा घेतला, अंगठ्याने दाबून बघितला आणि परत दिला. "तिला गोल नको करूस, तुओवी. होती तेवढीच राहू दे."

तुओवीने मान हलवली. जायला वळली तेव्हा तो मागून म्हणाला, "आणि अगदी वेदीशी नको, तुझ्या मागेच असू दे. ती मागच्या बाकावर बसायची. तिथे पुढे जाऊन बसली तर लोक म्हणतील, मेल्यावर चढून बसली."

हिल्माला हे सांगितलं तेव्हा तिने आकाशपाताळ एक केलं. तिच्या हयातीत तिने अर्धं फूल विणलेलं नव्हतं. चर्चच्या सतरंजीत, सगळ्या पंचक्रोशीसमोर, मधेच तुटलेली नक्षी! "चूक केल्यासारखं दिसेल ते."

"चूकच आहे," तुओवी म्हणाली. "दिसू दे."

हिल्मा स्टूल मागाजवळ ओढून बसली आणि पहिला धागा स्वतःच उसवला. आर्मासचे सदरे जसे विणले गेले होते तसे उलटे बाहेर आले. हिल्मा उसवता उसवता तोंडाचा पट्टा चालवत होती, पण तिच्या बोटांनी एकही पट्टी ताणली की फाटली नाही. मग दोन घरांमधली काळी रेघ, मग सायमी. निळं, मधे पांढरे ठिपके, कळी उघडायला लागते तेवढं फूल, आणि तिथेच गुंडा संपला. साडेचाराला केसाएवढाही फरक नाही. मग पुन्हा काळी रेघ आणि तिच्यापुढे आर्मास, आता साडेपंचावन्न. बाहेर पडत होत्या तेव्हा सूर्य तळ्यावर होता आणि उरलेली चौकटीची पट्टी तुओवीच्या खिशात होती.

दुसऱ्या दिवशी कॉफीला सगळं गाव आलं. सतरंजी कापायची कात्री हातात घेऊन तुओवी उभी राहिली आणि झालं ते सांगून टाकलं, एका दमात, काही न सावरता. मग हाकालांचा म्हातारा घसा खाकरून म्हणाला, की त्याच्या पट्ट्यात किती फुकटचे आलेत ते सांग, त्याला झोप लागायची नाही. तुओवीने सांगितलं, दोन. मग पुलाजवळची बाई म्हणाली, आणि माझे? तिचे चार गेले होते. "मी म्हणतच होते," ती म्हणाली, आणि सगळे हसले. कात्री ओइवाच्या हातात दिली. त्याने ताणा कापला आणि सतरंजी उलगडताना निळ्या पट्ट्यापाशी हात जरासा थांबवला, एवढंच.

रविवारी तुओवीने ब्योर्येला फोन केला. दोघं अजून आठवड्याला बोलतात. त्याने सगळं ऐकून घेतलं, शून्यं गाळायची खोड आपलीच होती हे कबूल केलं आणि विचारलं, की मग ओळीत दुरुस्ती काय केलीस. ती म्हणाली, काही नाही. ओळ तशीच आहे. आता मी आधी नावं वाचते.

योहानसच्या सणाला चर्चची दारं दोन्ही बाजूंनी उघडी होती आणि वेदीवर बर्चच्या डहाळ्या होत्या. सतरंजी दारापासून पुढपर्यंत पसरली होती, लांबच्या टोकाच्या घरांपासून तुओवीच्या घरापर्यंत. मागच्या बाकावर ओइवा. त्याच्या शेजारी जागा मोकळी होती. तुओवी आत आली, थोडी थांबली, आणि तिथे जाऊन बसली. तो थोडा सरकला.

प्रसादासाठी लोक मागच्या बाकापासून उठून पुढे निघाले. ओइवा हळूहळू चालत होता, एकेका घरावरून. निळा पट्टा आला तेव्हा त्याने पाऊल उचललं, आणि त्या साडेचार सेंटिमीटरवरून लांब टांग टाकून पलीकडे आर्मासवर ठेवलं. मागून तुओवी आली. तिनेही तशीच टांग टाकली आणि आर्मासवर दोन्ही पाय नीट रोवले. ती निळ्यावर पाय देऊन गेली असती, तरी तो काही बोलला नसता. तिच्यामागून हिल्मा आली, आणि तिनेही पाय उचलला. मग हाकाला, मग पुलाजवळची बाई, मग सगळी ओळ. प्रत्येकाचं पाऊल त्याच ठिकाणी वर गेलं आणि पलीकडे पडलं. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

वसंतात नव्याने आलेल्या पाद्रीणबाईंना वाटलं, की सतरंजी तिथे उचकटली असावी आणि लोक अडखळत आहेत. उपासना संपल्यावर त्यांनी सेवकाला सांगितलं, ती जागा जरा बघून घे.